बैल, बियाणे आणि सातबारा : खान्देशातील तगाईची दोनशे वर्षे

१/
जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता जामनेर तालुक्यात पहूरला येतो. वाघूर नदीच्या काठचे हे गाव. कागदोपत्री त्याची नावे दोन : पहूर पेठ आणि पहूर कसबे. भोवती कपाशीची काळी जमीन, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची रेघ. या टापूतल्या पंचविशीच्या कुठल्याही मुलाला पाठ असलेल्या एका प्रश्नापासून आजचा धागा सुरू करतो.

२/
शेतीच करायची असे ठरवून तो एखाद्या सरकारी योजनेची चौकशी करायला जातो, तेव्हा समोरचा माणूस त्याला पीक विचारत नाही, पाणी विचारत नाही, शिक्षणही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच : "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" उत्तर बहुधा 'वडिलांच्या' असे असते. काही घरांत ते 'आजोबांच्या' असते, काही घरांत 'सातबाराच नाही' असे. आणि विचारणारी मुलगी असेल, तर हा प्रश्नही पुष्कळदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

३/
हा प्रश्न इतका अंगवळणी पडला आहे, की तो पूर्वापार असाच पहिला असावा असे आपण धरून चालतो. तसे नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच जामनेर परगण्यात सरकारने नवे शेतकरी उभे करायला घेतले, तेव्हा जमीन ही मदतीची अट नव्हती. मदतीत जे द्यायचे, त्यातली पहिली वस्तूच जमीन होती. ही अदलाबदल केव्हा झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी हा धागा.

४/
आधी शब्द. जुन्या कागदांत 'तगाई' आणि 'तकावी' अशी दोन्ही रूपे भेटतात. मूळ अरबी, 'कवी' म्हणजे बळकट या अर्थाच्या धातूतून आलेले. आपला 'कुवत' हा शब्दही त्याच घरचा. तेव्हा तगाई म्हणजे शब्दशः बळ देणे. ती खैरात नव्हती, कारण फेडावी लागे. पण सावकाराचे कर्जही नव्हती. बैल मेला, बी संपले, विहीर ढासळली, नांगर धरणारे हात आहेत पण जू ठेवायला मान नाही, अशा वेळी सरकारने दिलेली ती उचल.

५/
खान्देशाला ही पद्धत इंग्रजांनी शिकवली नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा सततच्या मोहिमा आणि दुष्काळ यांनी मुलूख ओस पडला होता. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान, आधी बालाघाटाचा आणि पुढे पाइनघाटासह साऱ्या दख्खनचा. खान्देश या पाइनघाटात येई. जमीन मोजणे आणि सारा ठरवणे यासाठी इतिहासात त्याचे नाव घेतले जाते. पण मोजणीआधी जमीन कसणारा माणूस हवा, हे त्याला कळत होते. बैल आणि बियाण्यासाठी सरकारी खजिन्यातून तगाई द्यायची आणि सुगीला हप्त्याहप्त्याने ती वसूल करायची, हा त्याच्या कारभाराचा भाग होता.

६/
याच शतकातले दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक ओळखीचे आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेले पत्र. ते खान्देशातले नाही, कोकणातले आहे, तरीही इथे घ्यावे लागते, कारण शेतकरी उभा करण्याची कृती इतक्या बारकाईने सांगणारा कागद दुर्मीळ.

७/
पत्रातला हुकूम थोडक्यात असा. गावोगाव स्वतः फिर. कोणाजवळ माणूसबळ आहे, कोणाजवळ बैल आहेत, कोणाजवळ दाणे आहेत ते पाहा. ज्याच्या अंगी शेत करण्याची कुवत आहे पण जोताला बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसे दे, पेरायला आणि खायला दाणे दे. जेवढे शेत त्याच्याने होईल तेवढे करव. परतफेडीत वाढीदिडी घेऊ नकोस. नुसते मुद्दल, तेही हळूहळू, त्याला तवानगी आल्यावर. आणि या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल.

८/
या हुकमात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. अधिकाऱ्याने जागेवर जायचे आहे. पात्रता माणसाच्या कुवतीवरून ठरायची आहे. आणि वसुलीला तारीख नाही, ती शेतकरी सावरण्याशी बांधलेली आहे. पुढच्या साडेतीनशे वर्षांत शेतीसाठी निघालेल्या कितीतरी योजनांत यांतली एक तरी गोष्ट गळालेली दिसते.

९/
पेशवाईत याला जोड मिळाली ती कौल आणि इस्तावा यांची. ओसाड गाव वसवायचे तर नव्या कुळाला कौल द्यायचा : पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता, आणि काही वर्षांनी पुरा दर. या चढत्या सनदेचे नाव इस्तावा. बाजाराची पेठ वसवतानाही वाणी-उदम्यांना अशीच काही वर्षांची सूट मिळे. नव्या माणसाला उभे राहायला वर्षे लागतात, एक हंगाम पुरत नाही, ही समज त्या काळच्या महसुली व्यवहारात मुरलेली होती.

१०/
आता मुख्य कथा. १८०२ पासून खान्देशाची दैना सुरू झाली. यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी. गावेच्या गावे उठली. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा त्यांच्या हाती आले ते पडीक जमिनीचे, झुडुपांनी भरलेले आणि लोकसंख्या हरवलेले मोठे क्षेत्र.

११/
या पडझडीत सर्वांत जास्त गमावले ते भिल्लांनी. तोवर सातपुडा, सातमाळा आणि मधल्या सपाटीतल्या अनेक गावांत भिल्ल जागल्याचे काम करीत. गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, घाटवाटा सांभाळायच्या. बदल्यात गावाकडून धान्याचे आणि पैशाचे हक्क. गावेच उठल्यावर हक्क कोण देणार? राखणदार डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. त्यांच्या बंदोबस्तासाठी पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी जे केले ते वाचवत नाही. कोपरगावला तर बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून त्यांची कत्तल झाली. त्यानंतर सरकारच्या शब्दावर कोणी भिल्लाने विश्वास ठेवावा, असे काही उरले नव्हते.

१२/
कंपनी सरकारची पहिली सात वर्षेही लष्करी पाठलागातच गेली. खान्देशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने तुकड्या पाठवल्या, घाट अडवले, काही नाईकांना तनखे देऊन पाहिले. डोंगरातल्या तापाने शिपाई आजारी पडत. एक टोळी धरली की दुसरी उठे. १८२५ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि खान्देशचा कलेक्टर रॉबर्टसन वेगळ्या निष्कर्षाला आले होते : माणसाला डोंगरातून खाली आणायचे तर खाली त्याच्यासाठी काहीतरी असायला हवे.

१३/
त्या वर्षी तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वायव्येची नंदुरबार-सुलतानपूरकडची, रिग्बीकडे. ईशान्येची सातपुड्याच्या पायथ्याची. तिथे जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटाने धरणगावला भिल्लांची पलटण उभारायला घेतली. आणि दक्षिणेची ओव्हान्सकडे, ठाणे कन्नडला. या दक्षिण एजन्सीत जामनेर, भडगाव, चाळीसगाव आणि डोंगरालगतचा मुलूख येई. पहूरच्या शिवारातून दक्षिणेला जी डोंगररेघ दिसते, तिच्या दोन्ही अंगांचा प्रदेश ओव्हान्सच्या कामाचा होता.

१४/
आउट्रमची पलटण प्रसिद्ध झाली. धरणगावला त्याच्या बंगल्याची आठवण अजून सांगतात. तलवारीच्या कथा टिकतात, नांगराच्या टिकत नाहीत, त्यामुळे ओव्हान्सचे काम बहुतेकांना माहीत नाही. माझ्या मते ते अधिक अवघड होते. पलटणीत आलेल्या माणसाला पगार देता येतो. ज्याने स्वतः कधी औत धरलेले नाही त्याला शेतकरी करायचे, तर पीक हाती येईपर्यंत सगळे काही पुरवावे लागते.

१५/
एजंटाचे काम असे. त्याने स्वतः डोंगरात जाऊन नाईकांना भेटायचे. मागचे गुन्हे माफ करायचे. पडीक जमीन नेमून द्यायची, सुरुवातीला साऱ्याविना. बैल, अवजारे आणि बियाणे यांसाठी तगाई द्यायची. एकट्यादुकट्याला नव्हे, वस्ती करून बसवायचे. लहानसहान तंटे आणि गुन्हे यांचा निवाडाही त्यानेच करायचा, म्हणजे वसलेल्या माणसाला दूरच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. जमीन, जनावर, बी, सूट आणि गाऱ्हाणे ऐकणारा माणूस, हे सारे एका हाती.

१६/
हे काम झपाट्याने झाले नाही. पण दक्षिणेकडच्या या वस्त्यांत औते वाढत गेली आणि दशकभरात लुटीची तीव्रता पुष्कळ ओसरली, हे पुढे एजन्सीत काम केलेल्या ग्रॅहम या अधिकाऱ्याच्या वृत्तान्तात आणि १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये नोंदवले आहे. दोन्ही कागद राज्यकर्त्यांचे आहेत, हे वाचताना विसरू नये. वसवल्या गेलेल्या एकाही भिल्ल कुटुंबाने आपल्या बाजूने काही लिहून ठेवलेले नाही.

१७/
आणि यात दयाबुद्धी शोधू नये. पलटणी पोसण्यापेक्षा बैल देणे स्वस्त पडत होते. ओसाड जमीन लागवडीखाली आली की उद्या सारा येणार होता. डोंगरात मोकळा फिरणारा माणूस एका गावाला, एका शेताला, एका नोंदवहीला बांधला जाणार होता. भिल्लांना शेती हवी होती का, हे कोणी विचारले नाही. तरीही नवा शेतकरी उभा करायला काय काय लागते याची यादी म्हणून पाहिले, तर १८२५ ची यादी पुरी होती. पुढे तिच्यातल्या वस्तू एकेक करून सुटत गेल्या.

१८/
पहिली सुटली ती जमीन. १८५२ मध्ये खान्देशात महसुली मोजणी सुरू झाली. सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी तिला उघड विरोध केला. मोजणी पुरी झाली आणि प्रत्येक शेताला क्रमांक, आकार आणि खातेदार मिळाला. १८६५ चा सर्व्हे कायदा आणि १८७९ चा जमीन महसूल कायदा यांनी ही खातेदारी वारसाहक्काने मिळणारी आणि हस्तांतर करता येणारी केली. खातेदाराच्या हाती प्रथमच अशी वस्तू आली, जी गहाण टाकता येते.

१९/
ज्याला लिहिता-वाचता येते त्याच्यासाठी हे हक्कपत्र होते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो सापळा ठरला. एजंटाने नेमून दिलेली जमीन आता बाजारात उभी होती आणि एजंट मात्र गेला होता. दोन वाईट वर्षे, एक लग्न, एक आजारपण, आणि शेत सावकाराच्या खाती. गॅझेटियरच्याच काळात खान्देशात कर्जापोटी वर्षावर्षाच्या बोलीने दुसऱ्याच्या शेतात राबणारे भिल्ल मोठ्या संख्येने दिसतात. ज्यांना मालक-शेतकरी म्हणून वसवायचे होते, त्यांची मुले सालदार झाली. १८७८ च्या वनकायद्याने डोंगराकडे परतायची वाटही अरुंद केली.

२०/
१८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, म्हणून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. खान्देशात दंगा झाला नव्हता, म्हणून खान्देशाला संरक्षण नाही. राज्यकर्त्यांचा हा हिशेब आजही फारसा बदललेला नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो.

२१/
मग आला १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आणि १८८० चा दुष्काळ आयोग. त्याच्या शिफारशींतून तगाईचे दोन कायदे झाले. १८८३ चा भूसुधारणा कर्ज कायदा : विहीर, बांध, ताल यांसाठी. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा : बी, बैल आणि संकटनिवारणासाठी. तगाई आता एजंटाच्या मर्जीवरून उतरून कायद्याच्या पुस्तकात गेली. हे पुढचे पाऊल होते, यात शंका नाही.

२२/
पण त्या पुस्तकातले शब्द पाहा. १८८३ चा कायदा कर्ज देतो ते जमिनीत सुधारणा करण्याचा हक्क ज्याला आहे त्याला. १८८४ चा कायदा देतो ते लागवडीच्या जमिनीच्या मालकाला आणि ताबेदाराला. एवढ्या दोन शब्दांत अदलाबदल पुरी झाली. १८२५ मध्ये माणूस पुढे आला की त्याला जमीन मिळे आणि मग तगाई. १८८४ नंतर जमीन असेल तर तगाई. 'सातबारा कोणाच्या नावावर?' या प्रश्नाचे कायदेशीर पूर्वज इथे आहेत.

२३/
जमीन निसटते आहे हे सरकारला दिसत नव्हते असे नाही. छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे १९०१ मध्ये, मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण नव्या शर्तीने : परवानगीवाचून विकायची नाही, गहाण टाकायची नाही. कायदेमंडळात यावर वादळ झाले. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले निषेधार्थ सभागृहाबाहेर पडले.

२४/
गोखल्यांसारख्या माणसाने शेतकऱ्याच्या जमिनीला संरक्षण देणाऱ्या कायद्याला विरोध का करावा, हे कोडे वाटेल. त्यांच्या बाजूचा मुद्दा असा, की जमीन गहाण टाकता येणार नसेल तर शेतकऱ्याची पतच संपेल आणि तो सरकारचा मिंधा होईल. सरकार म्हणत होते, गहाण टाकता येते म्हणूनच जमीन जाते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. विकता येणारी जमीन गरिबाकडे टिकत नाही, आणि न विकता येणाऱ्या जमिनीवर त्याला कोणी उभे करीत नाही.

२५/
ती 'नवीन शर्त' अजून जिवंत आहे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा जो शेरा दिसतो, त्यात ती येते. ज्यांना सरकारकडून जमीन मिळाली अशा कुटुंबांच्या उताऱ्यावर हा शेरा असतो. जमिनीचे संरक्षण आणि बँकेच्या दारातली अडचण, दोन्ही त्या एका ओळीत आहेत.

२६/
कायद्यातल्या तगाईचे पुढे काय झाले? ती चालू राहिली, दुष्काळात वाढली, एरवी आटली. उशिरा येणे, अर्ज आणि चौकशीत हंगाम निघून जाणे, वसुली मात्र ठरल्या दिवशी. ही तक्रार आयोगामागून आयोगांनी लिहिली. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपाहणी केली. १९५४ च्या अहवालात आकडे आले : शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. तगाईच्या कायद्यांना तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती.

२७/
स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा जमिनीपाशी आला. १९४८ चा कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला मालकी. मोठा बदल, पण तो कुळासाठी होता. जो कूळ म्हणूनही नोंदलेला नाही, नुसता मजूर किंवा सालदार आहे, त्याच्या हाती काही आले नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली आणि भिल्ल वस्त्यांतली बहुसंख्य घरे अशी होती.

२८/
म्हणून १९५९ चे भूमिहीनांचे सत्याग्रह. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने खान्देश आणि मराठवाड्यात ते उभे केले. मागणी होती सरकारी पडीक जमीन कसायला देण्याची. म्हणजे नेमके तेच, जे १८२५ मध्ये सरकार स्वतः होऊन डोंगरात जाऊन देत होते. आता ते मागण्यासाठी माणसे तुरुंगात जात होती. १९६४ मध्ये हीच मागणी देशभरच्या सत्याग्रहात पुढे गेली.

२९/
१९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्यात अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि त्यांच्याबरोबर उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी दुसरे टोक पकडले : आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवणे. कोणाच्या आजाने कधी अंगठा दिला होता, याचे जुने कागद शोधले गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. दीड शतकापूर्वी वसवलेल्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांना पुन्हा मालक करण्याचा तो प्रयत्न होता, असे मी त्याच्याकडे पाहतो.

३०/
आणि मग २००४. राज्य सरकारने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भूमिहीनांसाठी एक योजना आणली. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. आरंभी निम्मे अनुदान, निम्मे बिनव्याजी कर्ज. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. योजनेचे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. जमिनीसाठी ज्यांनी तुरुंगवास पत्करला, त्यांचेच नाव. 'सबळीकरण' हा शब्दही पाहा. तगाईचे ते नकळत झालेले मराठी भाषांतर आहे.

३१/
ही योजना मला महत्त्वाची वाटते ती यासाठी, की तिच्यात जमीन ही अट न राहता मदत झाली. २०१७ ची विहिरीची योजना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, हिच्याशी जोडली तर यादी बरीचशी पुरी होते : जमीन, मग नव्या विहिरीला अनुदान (आरंभी अडीच लाख रुपयांपर्यंत), मग पंप आणि ठिबक. सबळीकरणातल्या लाभार्थ्यांना विहिरीसाठी प्राधान्यही ठेवले आहे. अडचण बाजाराची. जमीन विकणाराच पुढे आला पाहिजे, तोही सरकारी मर्यादेच्या दरात. रस्त्याकडेच्या काळ्या जमिनीचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

३२/
आता ज्याच्या घरी जमीन आहे, पण नावावर नाही, त्या मुलाकडे येऊ. त्याच्यासाठी इतिहासात वेगळी तगाई कधीच नव्हती. त्याचा बाप हीच त्याची तगाई होती. २०१९ मध्ये केंद्राची पीएम-किसान योजना आली. वर्षाला सहा हजार रुपये. नियम असा, की १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या नोंदीत ज्याचे नाव, तो पात्र. त्यानंतरच्या पाच वर्षांत जमीन नावावर आली तर ती धरायची नाही. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन. बापाने हयातीत, राजीखुशीने चार एकर मुलाच्या नावे करून दिले, तर मुलगा अपात्र. बाप वारला, तर पात्र.

३३/
हे कोणी दुष्टपणे केलेले नाही. लाभासाठी खोट्या वाटण्या होऊ नयेत, हा हेतू उघड आहे. पण तुलनेसाठी फ्रान्स पाहण्यासारखा आहे. तिथे १९६२ मध्ये उलट वाट धरली : म्हाताऱ्या शेतकऱ्याने जमीन सोडली तर त्याला आयुष्यभर भत्ता. पुढे १९७३ पासून डोंगरी भागात आणि १९७६ पासून सर्वत्र, शेती सुरू करणाऱ्या तरुणाला उभारणी अनुदान. आज युरोपीय संघात चाळिशीच्या आतल्या नव्या शेतकऱ्याला एक लाख युरोपर्यंत प्रारंभिक साहाय्य देता येते. आकडा बाजूला ठेवू, तिथली शेते आणि खजिना वेगळा. घेण्यासारखी आहे ती मांडणी : तरुणाला आत आणायचे तर म्हाताऱ्याला सन्मानाने बाहेर पडता आले पाहिजे. ज्या बापाला निवृत्तिवेतन नाही, त्याने सातबारा का सोडावा? तो कागद हाच त्याचा म्हातारपणचा आधार असतो.

३४/
वाटणी करून द्या, हे उत्तर सोपे वाटते, पण महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. दोन भावांत ती फोडली की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण हेक्टरही येत नाही. विहिरीच्या योजनेला किमान ०.४० हेक्टर लागते. आणखी एका पिढीने फोडली तर नातू त्या ओळीच्याही खाली जातो.

३५/
शेवटी एक ताजी नोंद. २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. पहिल्या टप्प्यात मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावायची. पुढच्या टप्प्यात 'इतर हक्क' या रकान्यातले कालबाह्य शेरे पुसायचे. त्या शेऱ्यांच्या यादीत 'ए.कु.मॅ.' आहे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अनेक भावांच्या जमिनीवर एकाच कर्त्याचे नाव ठेवणारी जुनी नोंद. त्याच यादीत, बंडिंग बोजा आणि भूसुधार कर्जाच्या शेजारी, 'तगाई' हाही शब्द आहे. कोणा पणजोबाने बैलासाठी किंवा विहिरीसाठी घेतलेली उचल, फिटली की नाही हे सांगायला घरात आता कोणी नाही, पण उताऱ्यावर बोजा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर ती नोंद असेल, तर तलाठ्याने फेरफार घालून ती काढण्यापूर्वी तिचा क्रमांक आणि साल तेवढे उतरवून ठेवा.